तिसऱ्यांदा विचारायचं असतं

आई,

तुला इंग्रजीचं एक अक्षर येत नव्हतं, आणि तुझा मुलगा आता अमेरिकेत, दुसऱ्यांना इंग्रजी किती येतं ते तपासणाऱ्या एका लहानशा कंपनीत नोकरी करतो. तुझ्या कानावर हे घातलं असतं तर परातीतला हात न थांबवता तू म्हणाली असतीस, "म्हणजे मास्तर झालास की." मास्तर नाही झालो. मास्तर शिकवतो, मी फक्त ऐकवतो. वर्गात स्पीकर मांडायचे, सीडी लावायची, मुलांनी ऐकून उत्तरं लिहायची, मग उतारे वाचून उत्तरं लिहायची, शेवटी मी कागद गोळा करून आणायचे. सांगायला एवढंच. पण हे एवढंसं काम नीट व्हायला काय काय लागतं ते मला ठाऊक आहे, आणि तुलाही पटलं असतं, कारण नुसतं ताट मांडायचं म्हटलं तरी मीठ कुठल्या बाजूला आणि चटणी कुठल्या, यावरून तू मला दोनदा उठवायचीस. आज लिहायला बसलोय ते एका चिनी मुलीमुळे. ऑफिसच्या लेखी तिचं प्रकरण हिवाळ्यातच संपलं. माझ्यापुरतं ते गेल्या रविवारी संपलं, आणि तेव्हापासून तुझी खानावळ डोळ्यांपुढून हलत नाही.

तू गेलीस तेव्हा मी पुण्याच्या त्या स्टुडिओत टेपा गुंडाळत होतो. नंतर तिथेच रेकॉर्डिंग करायला लागलो. शाळेच्या पुस्तकांच्या कॅसेटी निघायच्या, आणि शेवटी शेवटी त्या माझ्याशिवाय दुसऱ्या कोणाच्या हातात देत नसत. बारावीनंतर मी कॉलेजची पायरी चढलो नाही. जे आलं ते मशीन उघडून, जळलेलं बदलून, आणि मांडीवर डिक्शनरी घेऊन इंग्रजी मॅन्युअलं वाचून आलं. हे मी कोणालाही मान वर करून सांगतो. दोन हजार एक साली तुझ्या सुनेला न्यू जर्सीत काम मिळालं. तू तिला पाहिलं नाहीस. कंप्यूटरमधली आहे, माझ्यापेक्षा बरीच शिकलेली आणि बरीच शांत. तिच्या व्हिसावर मी आलो, आणि त्या व्हिसावर नवऱ्याला नोकरी करता येत नाही. आम्ही पिस्कॅटवेला राहतो. इथे आपली माणसं खूप. वीकेंडला कोणाकडे तरी पॉटलक, म्हणजे प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायचं जेवण, असतंच, आणि पुण्या-नागपूरची सगळी मंडळी एकमेकांना पहिला प्रश्न विचारणार, "तुम्ही कुठे आहात?" म्हणजे कुठल्या कंपनीत. मी म्हणायचो, "घरी आहे." "अच्छा, अच्छा! लकी आहेस यार," म्हणून समोरचा समोशाकडे वळायचा. दिवसभर मी लायब्ररीत बसायचो. जाड जाड पुस्तकं वाचून काढली, आणि काउंटरवरची बाई काही बोलली की मला एक शब्द कळायचा नाही. वाचलेलं सगळं समजतं आणि बोललेलं डोक्यावरून जातं, हे कसं असतं ते मी तेव्हा चाळिशीला टेकलेला असताना अनुभवलंय. इंग्रजी मी डोळ्यांनी शिकलो होतो. कानांना ते कोणी शिकवलंच नव्हतं.

ग्रीन कार्ड आल्यावर ही नोकरी मिळाली. आसपासच्या हायस्कुलांत चीनहून नुकतीच आलेली मुलं असतात, पंधरा-सोळा-सतरा वर्षांची. कोणाचा बाप विद्यापीठाच्या लॅबमध्ये, कोणाची आई हॉटेलच्या भटारखान्यात. यांना कुठल्या इयत्तेत बसवायचं ते आमच्या परीक्षेवरून ठरतं. परीक्षेचे भाग दोन, ऐकणं आणि वाचणं. त्यातल्या ऐकण्यात एका रेषेच्या खाली गेलं की मूल नववीत, अगदी प्राथमिक इंग्रजीच्या वर्गात. मग वाचण्यात ते कितीही वर असो. या मुलांचं वाचणं बघत राहावं असं असतं. कागद हातात पडला की सीडी सुरू व्हायच्या आत ती पुढचे प्रश्न वाचून टाकतात, पेन्सिलीने बारीक खुणा करतात, आणि उत्तर काय असेल त्याचा अदमास घेऊन बसतात. उतारे तर वेळेच्या कितीतरी आधी संपवून हाताची घडी घालतात. पण सीडी लागली की चेहरे आवळले जातात, परक्या स्टँडवर एसटीची घोषणा ऐकणाऱ्या माणसासारखे. सुरुवातीला मी वाचून दाखवतो, "नीट ऐकू येत नसेल तर हात वर करा." मी लागल्यापासून एकाही चिनी मुलाने हात वर केलेला मला आठवत नाही. माझी सुपरवायझर म्हणते, "व्हॉट अ पोलाइट ग्रूप!" मला मात्र हे कोणी समजावून सांगावं लागलं नाही. आपल्या शाळेत फळ्यावर ऊन पडून अक्षर दिसत नसायचं, आणि "दिसतंय का रे?" म्हटलं की अख्खा वर्ग ओरडायचा, "हो सर!" दिसत नाही म्हणणं म्हणजे सरांनी फळा वाईट लिहिलाय म्हणणं.

आता तुझं स्वयंपाकघर. दोन शेगड्या पेटलेल्या आहेत, तू भाकऱ्या थापतेस, मी दाराशी बसून इंग्रजीचं पुस्तक मोठ्याने वाचतोय, कारण तुझा नियम आहे की मनातल्या मनात वाचलेलं वाचलेलं नव्हे. मध्येच तू म्हणतेस, "थांब. हे तुझं तुला समजलं नाही." मी चिडतो. "तुला काय कळतंय गं इंग्लिश?" तू तव्यावरची भाकरी उलटतेस. "इंग्लिश नको कळू दे. गल्लीत कुत्रं दिसलं की चालतोस ना, तसं वाचलंस आत्ता." आणि दर वेळी तुझं बरोबर असतं. मग बाहेरच्या खोलीत पोरांची पंगत बसते, कॉलेजची, लांबच्या गावची, आणि वाढायला मी. मी एकेकाला विचारत जातो, "भाकरी?" "नको." पुढचा. "भाकरी?" "नको, झालं." पुढचा. पंगत झटक्यात आटोपते, मला वाटतं मी कामाचा आहे. तू आतून येतेस, टोपली माझ्या हातातून काढून घेतेस आणि सगळ्यांसमोर म्हणतेस, "एकदा विचारून पुढं जायला हे काय हाटेल आहे?" मग तूच फिरतेस. एकाला ओलांडून जातेस, दुसऱ्याला तो हात आडवा धरत असताना दोन वाढतेस, आणि तो दुसरा खरोखर खातो. पोरं गेल्यावर मी गाल फुगवून विचारलं होतं, तुला कसं कळतं म्हणून. तू म्हणालीस, "पोट भरलेला माणूस आधी ताटाकडं बघतो, मग नको म्हणतो. भुकेला माझ्याकडं बघतो आणि बोलायच्या आधीच नको म्हणतो." आणि भांडी गोळा करता करता, "तिसऱ्यांदा विचारायचं असतं. पहिला नको रीतीचा, दुसरा लाजेचा. तिसरा काय तो खरा."

गेल्या वर्षीच्या नोव्हेंबरातला शनिवार. शाळेची इमारत रिकामी, आणि मी नेहमीप्रमाणे सगळ्यांच्या आधी. खुर्च्यांच्या पायांखाली मी फेल्टचे, म्हणजे जाड लोकरी कापडाचे, तुकडे चिकटवतो, नाहीतर एखाद्याने पाय हलवला की फरशी किंचाळते. शेजारच्या खोलीतल्या फ्रिजचा प्लग काढतो, परीक्षेनंतर आठवणीने लावतो. खिडकीखाली हीटरचं एक लोखंडी धूड आहे, ते बंद ठेवायला शाळेच्या जॅनिटरला, म्हणजे शिपायाला, सांगतो. जॅनिटर मला बघून हसतो, "हिअर कम्स द क्वाएट मॅन." त्या दिवशी एक मुलगी बरीच लवकर आली होती. सतरा वर्षांची, गळ्याशी बटण लावलेला स्वेटर, केस घट्ट बांधलेले. दोन्ही हातांत स्पीकर घेऊन मी जिना चढत होतो, तर धावत जाऊन तिने दार धरलं. मग मी गुडघ्यांवर बसून खुर्च्यांखाली फेल्ट लावत होतो ते ती उभी राहून बघत होती. थोड्या वेळाने न सांगता तिनेही दोन खुर्च्या उचलून धरल्या. बाकीची मुलं आल्यावर ती खिडकीकडच्या कोपऱ्यात, अगदी शेवटच्या बाकावर जाऊन बसली.

सीडी सुरू झाली, पहिला संवाद संपला, आणि हीटर लागलं. बंद केलेलं हीटर आपोआप लागतं, कारण थंडी वाढली की इमारतीचं मुख्य यंत्र सगळीकडची सुरू करतं; हे मला त्या दिवशी कळलं. वर्गाच्या मधोमध उभं राहिलं तर नुसती घरघर, पण त्या कोपऱ्यात म्हणजे पिठाच्या गिरणीत बसल्यासारखं. आमचा नियम पक्का आहे: सीडी एकदाच वाजते, आणि कोणी हात वर केल्याशिवाय मध्ये थांबवता येत नाही, कारण थांबवली तर ज्यांना ऐकू येतंय त्यांना विचार करायला फुकटचा वेळ मिळतो. नियम बरोबर आहे. मी भिंतीच्या कडेने तिच्याजवळ गेलो आणि स्वतःच्या कानाला बोट लावून भुवया उंचावल्या. ती चटकन हसली, मान हलवली, दोनदा. आणि पुन्हा बाकावर इतकी पुढे वाकली की कपाळ कागदाला टेकायचं बाकी राहिलं. मी हीटरचं झाकण उघडून बघितलं, आत काही हाती लागेना. परीक्षा संपल्यावर मी सगळं जसंच्या तसं लिहून सुपरवायझरकडे दिलं, कुठल्या संवादापासून आवाज होता तेही.

निकाल आला. वाचण्यात ती त्या दिवशीच्या सगळ्या मुलांत वर, आणि ऐकण्यात रेषेच्या बरीच खाली. नववी. सतराव्या वर्षी, चीनमध्ये हायस्कूलची दोन वर्षं करून आलेली मुलगी, चौदा-पंधराच्या पोरांत. शाळा संपायची तेव्हा एकविशीला पोचली असती. मी हट्ट धरला म्हणून सुपरवायझरने मायलेकींना पुढच्या शनिवारी बोलावलं. बाई चांगली आहे गं, मी तिला नावं ठेवणार नाही. साठीला आलेली, जन्मभर शाळेत शिकवलेली, स्वतः केलेला केक कागदात बांधून आणते. तिने मुलीला समोर बसवलं आणि हळूहळू, एकेक शब्द सुटा करून विचारलं, "त्या दिवशी तुला रेकॉर्डिंग नीट ऐकू आलं का?" आई, तिचा प्रश्न पुरा व्हायचा होता. "येस, टीचर. व्हेरी क्लिअर. थँक यू." प्रश्न विचारला सुपरवायझरने, आणि ती येस म्हणाली माझ्याकडे बघून.

मायलेकी बाहेर गेल्यावर मी म्हणालो, "तिला परत विचारा."

"विचारलं की मी आत्ताच."

"एकदाच विचारलंत."

तिने चष्मा काढला. "मग किती वेळा विचारायचं? तिने उत्तर दिलं. मी विचारतच राहिले तर काय उत्तर हवंय ते मीच सांगितल्यासारखं होईल ना? आणि उद्या दुसऱ्या एखाद्याचे आईवडील येतील, आमच्या मुलाला का नाही तीनदा विचारलंत म्हणून."

आमच्याकडे एकदा विचारणं म्हणजे न विचारणंच, असं मी म्हणालो. तिने मान डोलावली. "आय बिलीव्ह यू. पण फाइलमध्ये मी काय लिहू? की तिने लवकर उत्तर दिलं?" तिच्या जागी मी असतो तरी हेच म्हणालो असतो. परीक्षा घेणाऱ्याने मनातलं ओळखायला लागायचं नसतं, नाहीतर ती परीक्षा राहत नाही.

मी धावत पार्किंग लॉटमध्ये गेलो. मुलगी गाडीत बसली होती, काच वर. आई बाहेर उभी होती, माझ्याच वयाची, पायांत हॉटेलच्या किचनमध्ये घालतात ते काळे जाड तळव्यांचे बूट. तिथूनच आली होती आणि तिथेच परत जायचं होतं. मला बघताच तिने गाडीतून एक डबा काढला आणि दोन्ही हातांनी पुढे केला. मी म्हणालो, "नो, नो, प्लीज." तिने तो आणखी पुढे केला. "नो, रिअली." तिने तो माझ्या छातीलाच टेकवला, आणि मग मी घेतला. तेव्हा मला बळ आलं. हिलाही तीनदाचं गणित माहीत होतं. मी विचारलं, "युवर डॉटर, त्या दिवशी तिला ऐकू आलं नाही ना?" "नो ट्रबल, नो ट्रबल! शी हिअर. गुड." मी पुन्हा विचारलं. "यू व्हेरी काइंड. नो ट्रबल." मी तिसऱ्यांदा विचारलं, आणि मग तसाच उभा राहिलो, तू टोपली घेऊन पोरांपुढे उभी राहायचीस तसा.

तिने एकदा गाडीकडे बघितलं. मग जे म्हणाली ते तिच्या मोडक्या इंग्रजीत होतं, मी ते मोडकंच ठेवायला हवं, पण तुला समजावं म्हणून आपल्या भाषेत सांगतो. ती म्हणाली, "वाऱ्याच्या मशीनजवळ बसली होती. काही ऐकू आलं नाही. घरी येऊन रडली. मी म्हटलं, सांग. ती म्हणते, ते सर एकटे एवढं ओझं घेऊन जिना चढले. खुर्च्यांना खाली कापड लावलं. मी ऐकू आलं नाही म्हटलं तर त्यांची नोकरी जाईल."

आई, मी तिथे डबा धरून उभा. मी सांगितलं की माझी नोकरी जात नाही, गेली तरी चालेल, तुम्ही फक्त वर चला आणि हे त्या बाईंना सांगा, कंपनीला परत परीक्षा घ्यावीच लागेल. ती नको म्हणाली. मी पुन्हा म्हणालो. नको. तिसऱ्यांदा म्हणालो. तिने आधी स्वतःच्या बुटांकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि मग म्हणाली, "नो. थँक यू." हा नको खरा होता. आपल्यासाठी झटणाऱ्या माणसाविरुद्ध वर जाऊन बोलायचं नाही, हे मायलेकींचं घरी ठरलेलं होतं, आणि ते मोडायला मी कोण? गाडी निघाली तेव्हा मुलीने काचेतून हात केला.

सोमवारी मी सुपरवायझरला सगळं सांगितलं, वर लिहूनही दिलं की वर्ग मी मांडला होता, दोष माझ्या नावावर घाला. तिने ते वरच्या माणसांकडे पाठवलं, मनापासून पाठवलं असं मी म्हणेन. उत्तर आलं की वर्गातल्या बाकी मुलांचं ऐकणं नेहमीसारखं आहे, तेव्हा खोली सदोष म्हणता येत नाही; आणि खुद्द मुलगी ऐकू आलं म्हणते, पालकांची तक्रार नाही. त्या कोपऱ्यात ती एकटीच होती हे मी दोनदा लिहिलं. निकाल राहिला. त्या शनिवारी घरी आलो तेव्हा तुझी सून म्हणाली होती, "अरे, तू केलंस ना जे करायचं ते?" मी म्हणालो, केलं. ती डबा उघडत होती. आत वाफवलेले पांढरे गोळे होते, आणि त्यात काय असेल या धास्तीने मी लांब उभा. तिने एक मोडून पाहिला, वास घेतला. "कोबी आहे. आपण मांस खात नाही हे ओळखून मुद्दाम कोबीचा केलेला दिसतोय. इथल्या आपल्या लोकांना मी वाढते तेव्हा मलाही नसतं एवढं लक्षात राहत." आम्ही ते खाल्ले. चांगले होते, मीठ जरा कमी.

एक सांगायचं राहिलं. जानेवारीपासून आम्ही परीक्षेची सुरुवात बदलली. ऐकू येतंय का असं आता विचारतच नाही. आधी सीडीवर एक लहानसं वाक्य वाजतं, आणि प्रत्येकाने ते कागदावर लिहायचं. मी बाकांमधून फिरून बघतो. ज्याचा कागद कोरा, त्याची जागा बदलायची, त्याला काही विचारायचं नाही, त्याने काही सांगायचं नाही. कल्पना माझी, पण ती मान्य व्हावी म्हणून भांडली ती सुपरवायझर. परवा एका मुलाचा कागद कोरा निघाला, मी त्याला पुढे आणून बसवलं, तो लाजून लाल झाला पण बसला. अशा वेळी बरं वाटतं. तेवढ्यापुरतं.

गेल्या रविवारी चिनी दुकानात गेलो होतो, तिथे कोवळा मुळा चांगला मिळतो. भाजीपाशी ती आई भेटली. मुलगी कशी आहे विचारलं. म्हणाली, परत गेली. फेब्रुवारीतच. नववीच्या वर्गात कोणाशी बोलायची नाही, डबा जिन्याखाली बसून खायची, आणि घरी विचारलं की सगळं छान आहे म्हणायची. आता तिकडे आजीजवळ आहे, तिकडच्याच शाळेत. बाप पूर्वीच वारलेला. ही मात्र इथेच, भटारखान्यात, कारण पैसे इथूनच जातात. मी म्हणालो, आय अॅम सॉरी. तर ती बाई मलाच समजावायला लागली, माझ्या दंडावर थोपटत, "नो, नो. शी गुड. एव्हरी वीक फोन. आय आस्क, यू ओके? शी से, ओके, ओके, मामा." आणि मुळ्याची एक जुडी, पाणी झटकून, निवडून माझ्या पिशवीत घातली.

मला तिला काही सांगायचं होतं. तोंडापर्यंत आलं होतं. ते मी तुला सांगतो, कारण ते तुझंच आहे. तुझं शेवटचं वर्ष. मी पुण्यात, एसटीडी बूथच्या काचेच्या खोक्यात, बाहेर माणसं ताटकळलेली. तू वाण्याच्या दुकानात फोनवर, आणि तुझ्या शेजारी तुला हाताला धरून घेऊन आलेली मावशी. मावशी तुझ्याकडे राहायला का आली होती तेही मी विचारलं नव्हतं. बहीण बहिणीकडे येते, त्यात काय. मी म्हणालो, "तब्येतीचं काय गं? मी येऊ का दोन दिवस?" आणि तू नको म्हणालीस. "येऊ" आणि "का" यांच्यामध्ये म्हणालीस. "दिवाळीला येशीलच की. कामं टाकून येऊ नको." मी म्हणालो, बरं. पुढचं काय बोललो ते आठवत नाही, बहुतेक थंडी पडली का वगैरे. तू घटस्थापनेच्याही आधी गेलीस. तो नको मी नंतर इतक्या वेळा ऐकलाय की स्टुडिओत टेप असती तर झिजून तुटली असती. तुझ्याच हाताखाली पंगती वाढलेला मुलगा मी. तो कसला नको होता ते तुझ्याकडून शिकलेल्याला ओळखता यायला हवं होतं. समोर ताट असतं, तू ताटाकडे बघतेस की माझ्याकडे ते दिसलं असतं, तर ओळखलं असतं असं मी स्वतःला सांगतो. फोनवर दिसत नाही, हे खरंच आहे. पण दुसऱ्यांदा विचारायला दिसावं लागत नाही.

त्या बाईला मी यातलं काही बोललो नाही. इतक्या लांबून आलेल्या आणि इतक्या लांब मुलगी ठेवलेल्या बाईला, भाजीपाशी उभं राहून, तुमची मुलगी ओके म्हणते तेव्हा विश्वास ठेवू नका, असं कोणत्या तोंडाने सांगायचं? तिला ते माझ्यापेक्षा जास्त कळत असणार. मी मुळ्याचे आभार मानले आणि रांगेत जाऊन उभा राहिलो.

मावशी अजून आहे. थकली आहे, पण डोकं लख्ख आहे, आणि तोंडावर खरं बोलायची तिची खोड गेलेली नाही. मी तिला अधूनमधून फोन करतो. ती हवा विचारते, मी बर्फ सांगतो. मला बरं वाटावं म्हणून ती खोटं उत्तर कधी देणार नाही. ते शेवटचे दिवस ती तुझ्या उशाशी होती. तू मला बोलव म्हणालीस का, दाराकडे बघायचीस का, की खरंच मी येऊ नये असंच तुझ्या मनात होतं, हे या जगात एकट्या तिलाच ठाऊक आहे. इतक्या वर्षांत मी तिला ते एकदासुद्धा विचारलेलं नाही. आज विचारायचं ठरवलं होतं. इथे आता संध्याकाळ आहे, तिकडे उजाडलं असेल आणि ती चहा घेऊन बसली असेल. फोन हातात घेऊन नंबरही लावला होता. रिंग व्हायच्या आत ठेवला, आणि हे लिहायला घेतलं. पाठवायचं कुठे हा प्रश्नच नाही. खरं सांगू? मावशी उत्तर देईल. तू देणार नाहीस, म्हणून तुला लिहिलं.